शून्याचा कोपरा

“अबे खुशाल, झाडावर चढाचं असन तं आधी झाडापाशी जा लागते का नाही? मंग! आधी आडवं चाल, मंग उभं चढ!”

दर्यापूरच्या शाळेत, आठवीच्या वर्गात वानखडे गुरुजी असे गरजले, त्याला आता पन्नास वर्षं होत आली. खुशालला आलेखाच्या कागदावर (३, ४) हा बिंदू काढायचा होता. त्यानं काढला तो (४, ३). चूक म्हटली तर एवढीशी. पण गुरुजींनी त्याला फळ्यापासून उचलून वर्गाच्या कोपऱ्यात नेऊन उभं केलं, ‘ही फरशी म्हणजे शून्य’ असं जाहीर केलं, आणि तिथून तीन फरश्या आडवं नि चार फरश्या उभं चालायला लावलं. साऱ्या वर्गानं एका सुरात फरश्या मोजल्या. शून्याला हाच कोपरा का, असं कोणी विचारलं नाही. गुरुजींची छडी त्या कोपऱ्यात टेकलेली असायची. शून्य तिथं नसेल तर कुठं असेल?

हा छडीचा मुद्दा वाचकांनी खिशात ठेवावा. खुशालरावांनी तो ठेवला नाही, म्हणून पुढचं सगळं रामायण झालं.

त्या दिवसापासून खुशालराव मोजणारा माणूस झाले. अकोल्याला एका कार्यालयात वरिष्ठ लिपिक म्हणून तीस वर्षं काढली, ती मोजूनमापून. निवृत्त होऊन अमरावतीत घर बांधलं, तर गवंड्याच्या मागं विटा मोजत हिंडले. गवंड्यानं शेवटी हात जोडले, “काका, तुमी मोजा नाहीतर मी बांधतो. दोन्ही सोबत होत नाही.”

अशा माणसाच्या वाट्याला दोनशे बावन्न संत्र्याची झाडं आली.

बाग शेंदूरजनाघाटची, आशाबाईंच्या वडिलांची. आशाबाई म्हणजे खुशालरावांची बायको, आणि आबाजींची एकुलती एक लेक. सोळा ओळी आडव्या, सोळा उभ्या. ऐन मध्यावर विहीर, तिनं चार झाडांची जागा खाल्लेली. आबाजींनी एकेक कलम हातानं लावलेलं. ते गेले त्याला तीन वर्षं झाली, पण अजून वारा सुटला की बागेतून त्यांच्या धोतराचा फडफडाट ऐकू येतो, असं आशाबाई म्हणत. खुशालरावांना मात्र त्या वाऱ्यात वेगळंच ऐकू यायचं. लग्नानंतर पहिल्यांदा बागेत गेले असताना त्यांनी आबाजींना विचारलं होतं, “हे झाड मोसंबीचं का?” आबाजींनी आधी झाडाकडं पाहिलं, मग जावयाकडं, मग आभाळाकडं. ते आभाळाकडं पाहणं खुशालरावांच्या काळजात रुतून बसलं. सासऱ्यानं आपल्याला कायमचं बिनकामाच्या खात्यात टाकलं, अशी त्यांची पक्की खात्री झाली.

शेवटच्या आजारात आबाजींनी लेकीला एकटीला जवळ बोलावून काहीतरी सांगितलं. खुशालराव दाराबाहेर उभे होते.

“काय म्हणाले?” आशाबाई बाहेर येताच त्यांनी विचारलं.

“काई नाही. पाणी मागतलं.”

पाणी मागायला दहा मिनिटं लागतात का, हा प्रश्न खुशालरावांनी विचारला नाही. उत्तर आपल्याला माहीत आहे, असं त्यांना वाटलं. ‘जवायाच्या हाती बाग देऊ नको’ याशिवाय म्हातारा दुसरं काय सांगणार?

म्हणून यंदा दिवाळीच्या सुमाराला बागेत डिंक्या दिसला, तेव्हा खुशालरावांच्या अंगात वीरश्री संचारली. डिंक्या म्हणजे झाडाच्या बुडाशी साल कुजते आणि डिंकाचे थेंब पाझरतात. झाड वर हिरवंगार हसत असतं, खाली रडत असतं. मुलगी आचल अकोल्याला शेतीचंच शिकते. तिनं फोनवर सांगितलं, “बाबा, लागलेली झाडं मुळासकट काढा. नाहीतर दोन वर्षांत बाग जाईल. पण नीट बघून काढा हं, चांगलं झाड एकदा तुटलं की पुन्हा फळावर यायला सहा वर्षं.”

खुशालरावांनी गुडघ्यावर बसून एकेक बुंधा तपासला. चार दिवस लागले. झाडं निघाली एकवीस, सगळी नाल्याच्या अंगाला, जिथं पाणी साचतं. काम तसं सोपं होतं. एकवीस झाडांवर खूण करायची आणि तोडणी झाली की, म्हणजे फळं उतरली की, ती काढायची.

पहिली खूण गेरूची केली. आठ दिवसांनी जाऊन पाहतात तर सारी बाग पांढरी-निळी. बाग सांभाळणारा देवानंद आबाजींच्या हाताखाली वाढलेला. पावसाळा सरला की दरसाल तो सगळ्या खोडांना मोरचूद-चुन्याचा लेप देतो. यंदाही त्यानं मन लावून दिला होता.

“जवाईबुवा, कोण्या पोट्ट्यायनं झाडायले गेरू फासला होता,” तो अभिमानानं म्हणाला. “सगळा झाकून टाकला.”

पुन्हा चार दिवस गुडघे. दुसरी खूण केली तांबड्या चिंध्यांची. आशाबाईंचं एक जुनं लुगडं त्यात खर्ची पडलं. मग तोडणीला बायका आल्या. झाडाला तांबडी चिंधी म्हणजे नवस, हे लहान लेकरालाही कळतं. महिन्याभरात एकवीसच्या सत्तावन्न चिंध्या झाल्या, काही झाडांखाली हळदकुंकू आणि उदबत्तीच्या काड्या दिसू लागल्या. शकुनबाई नावाची गावातली म्हातारी खुशालरावांच्या पाया पडायला आली.

“तुमच्या त्या कोपऱ्यातल्या झाडानं माह्या नातवाचा ताप उतरवला बाप्पा! दोन दिवसांत उठून बसलं लेकरू.”

ते झाड स्वतःच आजारी आहे, हे म्हातारीला सांगावं की नाही, या विचारात खुशालरावांची रात्रीची झोप उडाली.

अमरावतीत शेजारी किसनराव राहतात. ते टपालखात्यातून निवृत्त झालेले. ज्याला पत्ता नाही ते जगात नाही, असं त्यांचं तत्त्वज्ञान. अंगणात चहा घेता घेता त्यांनी निकाल दिला, “खुशालराव, खूण कावून करता? खूण पुसते. झाडाले पत्ता द्या! पत्ता कागदावर राह्यते. त्याले ना पाऊस लागत, ना हळदकुंकू.”

“यायचं काई ऐकू नका भाऊजी,” त्यांच्या पत्नी सत्यभामा आतून म्हणाल्या. “यायले सोताच्या चष्म्याचा पत्ता नाही. सकाळपासून शोधून राहिले, डोक्शावर हाय.”

पण खुशालरावांच्या डोक्यात फरश्या वाजू लागल्या होत्या. तीन आडव्या, चार उभ्या!

आचल म्हणाली, मोबाईलवर पिन टाका. त्यांनी टाकल्या. झाडं अठरा-अठरा फुटांवर, आणि मोबाईल पंधरा-वीस फूट इकडंतिकडं डुलणारा. घरी येऊन पाहिलं तर प्रत्येक झाड शेजारच्या झाडाच्या घरी पाहुणं गेलेलं. एक नाल्यात उभं, आणि एक, कसं कोण जाणे, थेट एसटी स्टँडवर.

शेवटी आलेखाचा कागद आला. ज्या कागदानं पन्नास वर्षांपूर्वी अब्रू घेतली, त्यालाच खुशालरावांनी टेबलावर असा हळुवार पसरला की आशाबाईंनी विचारलं, “पत्रिका काढून राहिले का कोणाची?” विहीर मध्यावर, म्हणजे तीच शून्य. उत्तर वर. उजवीकडं अधिक, डावीकडं वजा. वर अधिक, खाली वजा. पुन्हा बागेत गेले, पुन्हा गुडघे टेकले आणि एकवीस झाडं एकवीस ठिपके होऊन कागदावर उतरली. नाल्याकडचा डावा-खालचा कोपरा ठिपक्यांनी भरून गेला. इतकं देखणं काम आयुष्यात आपल्या हातून झालं नाही, असं त्यांना वाटलं. आशाबाई पाठीमागं उभ्या राहून बराच वेळ कागद पाहत होत्या. मग भाकरी थापायला गेल्या आणि तिथून त्यांच्या आईच्या तोंडची ओवी ऐकू आली:

आडव्या ओळीमंदी बाप माहा उभा बाई,
उभ्या ओळीमंदी माय सावली धरते बाई,
दोन ओळी भेटती जठी, तठी लेकीचं झाड बाई.

खुशालरावांनी कान दिला असता तर त्यांना कळलं असतं की वानखडे गुरुजींचं सारं गणित ह्या बायका जात्यावर कधीच दळून मोकळ्या झाल्या आहेत. पण ते वजाची चिन्हं गिरवत होते.

देवानंदनं यादी पाहिली आणि डोकं खाजवलं. “वजा सहा, वजा पाच... जवाईबुवा, वजा झाड म्हंजे? कमी झालेलं झाड न? मंग ते तोडाचं कसं?”

“वजा म्हणजे त्या बाजूचं रे.”

“मंग त्या बाजूचं म्हना न. झाडाले कावून वजा म्हनता? त्यालेबी वाईट वाटन.”

देवानंदची समजूत पटते न पटते तोच कृषी कार्यालय आडवं आलं. काढलेल्या झाडांच्या जागी नवी रोपं मिळण्याची एक योजना होती, तिचा अर्ज भरायला खुशालराव गेले. खिडकीत बसलेल्या साहेबांनी यादी पाहिली, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“हे काय आहे?”

“झाडांचे पत्ते. वजा सहा, वजा पाच.”

“फॉर्ममध्ये ओळ क्रमांक आणि झाड क्रमांक आहे. वजा बसत नाही. हे बघा, टाईपच होत नाही.” साहेबांनी बटण दाबून दाखवलं. संगणक खरंच मख्ख राहिला. “आणि काका, वजा सहा झाडाला रोप द्यायचं म्हटलं तर उद्या तुमच्याकडूनच सहा रोपं यायची निघतील.”

मागच्या रांगेत कोणीतरी हसलं. खुशालरावांच्या कानात पन्नास वर्षांपूर्वीच्या फरश्या खणखणल्या. पण ते डगमगले नाहीत. तिथंच बाकावर बसून त्यांनी शून्य विहिरीतून उचललं आणि कागदाच्या डाव्या-खालच्या कोपऱ्यात नेऊन ठेवलं. शून्य ज्या कोपऱ्यात असतं, तिथंच. सारी झाडं एका झटक्यात अधिक झाली. पहिलं झाड निघालं तिसऱ्या आडव्या, चौथ्या उभ्या ओळीत, (३, ४)! खुशालरावांना गहिवरून आलं. साहेबांनी यादीवर शिक्का मारला. असा दणदणीत शिक्का की तो पाहून झाडंही आपण होऊन पडावीत.

नवी यादी देवानंदच्या मोबाईलवर गेली आणि दुसऱ्या दिवशी खुशालराव सालीचे तुकडे डबीत घेऊन आचलकडं अकोल्याला निघाले. बसमधूनच फोन लावला.

“देवानंद, शून्य हलवलंय.”

“कुठी हलवलं?”

“कोपऱ्यात.”

“बेस केलं. विहिरीपाशी ते मले आवडलंच नवतं. पाणी सोडतानी पायात येत होतं.”

“कोपऱ्यातून मोजायचं. आधी आडवं, मग उभं. कागदावरच्या प्रत्येक झाडाला तांबडं कडं काढून ठेव. आणि ऐक, वरून हिरवं दिसलं म्हणून फसायचं नाही. रोग मुळाशी असतो. यादीत आहे तेच झाड. मन चालवायचं नाही!”

“नाही चालवत,” देवानंद म्हणाला. आणि त्यानं खरंच चालवलं नाही.

जानेवारीतल्या एका सकाळी खुशालराव आणि आशाबाई बागेत पोचले. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पंधरा-वीस माणसं जमलेली. झाड तोडायचं म्हटलं की गाव जमतं. लावताना कोणी फिरकत नाही. देवानंदनं पेट्रोलवर चालणारी करवत भाड्यानं आणली होती, तिच्या शेजारी हत्यारांची पेटी उघडी पडली होती. जिकडंतिकडं बुंध्यांवर तांबडी कडी चमकत होती. फळं उतरून गेलेली, त्यामुळं सगळी झाडं सारखीच, न्हाऊन केस मोकळे सोडून बसलेल्या बायांसारखी. खुशालरावांची छाती फुगली. गावासमोर आज जावई कागद हातात घेऊन उभा राहणार होता. वर कुठंतरी आबाजी आभाळातून खाली बघत असतील, असंही त्यांना वाटून गेलं.

बागेच्या वरच्या, ईशान्येच्या कोपऱ्यात कडुनिंबाखाली मुंजोबाचा शेंदरी गोटा आहे. आशाबाई तिथं नारळ ठेवायला गेल्या. परत येताना एका झाडापाशी थांबल्या. त्याच्या कड्यावर त्यांनी हात ठेवला, मग पुढच्या झाडाच्या, मग त्याच्या पुढच्या. करवतीजवळच्या सावलीत त्यांनी जेवणाची पिशवी ठेवली.

“देवानंद, जा, सगळ्यायले पाणी दे आधी,” त्या म्हणाल्या. देवानंद कळशी घेऊन गेला. खुशालराव माणसांना योजनेची माहिती देत होते.

मग करवत सुरू करायची वेळ झाली. देवानंदनं दोरी ओढली. करवत खोकलीसुद्धा नाही. दहा वेळा ओढली, वीस वेळा ओढली.

“पेट्रोल पाह्य.”

“भरून हाय.”

“उलटी करून हालव.”

“तुह्या बापाची हाय का, उलटी कराले?”

शकुनबाई म्हणाली, “मुंजोबाले नारळ नुसता ठेवला, फोडला कुठी? म्हणून अडून बसली ते.” नारळ फोडला. खोबरं वाटलं. करवतीच्या पात्यालाही एक तुकडा दाखवला. करवतीनं देवाचंही ऐकलं नाही. शेवटी पोराला सायकलवर पिटाळून स्टँडवरच्या मेकॅनिकला बोलावलं, आणि सारेजण तंबाखू मळत बसले.

मोजणाऱ्या माणसाला रिकामं बसवत नाही. खुशालरावांनी खिशातून यादी काढली. आहोतच तर एकदा ताळा घेऊ, म्हणून ते उठले. ‘आधी आडवं चाल,’ गुरुजी कानात म्हणाले. ते आपल्या शून्यापाशी, नाल्याच्या कोपऱ्यात गेले. एक, दोन, तीन, आडवं. एक, दोन, तीन, चार, उभं. समोर झाड. बुडाशी लेपातून फुटून आलेला डिंकाचा पिवळा थेंब उन्हात चमकत होता. अगदी ओळखीचा थेंब.

आणि बुंध्यावर कडं नव्हतं.

खुशालरावांनी चष्मा पुसला. पुढचं झाड पाहिलं. डिंक होता, कडं नव्हतं. त्याच्या पुढचं, तेच. नाल्याकडच्या साऱ्या भागात एकाही झाडाला कडं नव्हतं. मग त्यांनी मान वर केली. कडी होती ती दूर तिकडं, वरच्या अंगाला, मुंजोबाच्या भोवती, जिथं पाणी कधी साचत नाही आणि आबाजींची सगळ्यात जुनी, सगळ्यात खणखणीत झाडं उभी आहेत. एकवीसच्या एकवीस.

बासष्टाव्या वर्षी खुशालराव धावले. एक चप्पल नाल्याकडंच राहिली. “थांबा! थांबा! हात लावू नका!” असं ओरडत ते मुंजोबाजवळच्या पहिल्या झाडापाशी गेले आणि त्यांनी ते कवटाळलं. करवत पन्नास पावलांवर मेल्यासारखी पडली होती, हात लावणारे सगळे तंबाखू थुंकायला थांबले होते, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

“जवाईबुवाले झाडाची माया आली,” कोणीतरी म्हणालं.

“देवानंद!” खुशालरावांना धाप लागली होती. “शून्य कुठं आहे?”

“हे काय,” देवानंदनं शेंदरी गोट्याकडं बोट केलं. “मुंजोबापाशी.”

“मुंजोबापाशी? शून्य नाल्याकडं आहे!”

“नाल्याकडं?” देवानंद थक्क झाला. “तुमी म्हनले कोपऱ्यातून मोज. या वावरात पेरनी कोपऱ्यातून, डवरनी कोपऱ्यातून, लेप कोपऱ्यातून. कोपरा म्हंजे मुंजोबाचा कोपरा. आबाजी दुसऱ्या कोपऱ्यातून कधी कामाले लागलेच नाही.”

“नाल्याच्या कोपऱ्यातून काम कोन सुरू करते बाप्पा?” शकुनबाईनं हनुवटीला हात लावला. “तठून तं नुसता पूर येते.”

“कागदावर शून्य डाव्या-खालच्या कोपऱ्यात असतं!”

“असन कागदावर. वावरात तठी बेशरमाचं झुडूप हाय.”

खुशालरावांना गुरुजींचा कोपरा आठवला, कोपऱ्यातली छडी आठवली. ज्याचं त्याचं शून्य तिथंच असतं, जिथं त्याचा देव नाहीतर धाक उभा असतो. इतकी साधी गोष्ट आलेखाच्या कागदावर छापलेली नसते.

देवानंदनं कड्यांकडं पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरत उतरत पांढरा पडला. “आबाजीच्या हातची झाडं... जवाईबुवा, दहा मिन्टं आधी करवत चालू झाली असती तं...” तो मटकन खाली बसला.

हाच तो क्षण होता. गाव बघत होतं. ‘तुला सांगितलं होतं’ असं म्हणायला खुशालरावांना जागा होती; शिक्का होता, यादी होती. ते देवानंदच्या शेजारी मातीत बसले.

“चूक तुझी नाही,” ते म्हणाले. “मी कोपरा म्हणालो. कोणता, ते सांगितलं नाही. सासऱ्याच्या वावरात पन्नास खेपा घातल्या, पण काम कुठून सुरू होतं ते कधी विचारलं नाही.”

मग शकुनबाई म्हणाली, “जाऊ द्या न. झाडं उभी हाय न? मंग! हसा थोडसंक.” आणि एवढी सुटका झाल्यावर माणसं हसतात तशी सगळी हसली. देवानंद डोळे पुसत हसला. खुशालरावांना हसता हसता कळलं की आपण अजून एका हातानं झाडाचा बुंधा धरून बसलो आहोत. त्यांनी बुंधा सोडला नाही.

तिथंच त्यांनी यादी मांडीवर घेतली आणि शून्य तिसऱ्यांदा हलवलं, मुंजोबाच्या पायाशी. सतरातून तीन गेले चौदा, सतरातून चार गेले तेरा. आता चौदावं आडवं, तेरावं उभं. देवानंदनं मोजलं, खुशालरावांनी पुन्हा मोजलं, आणि दोघं बरोबर त्या डिंकाच्या थेंबापाशी येऊन उभे राहिले. एकवीस झाडांवर नवी कडी निघाली, जुनी पुसली गेली.

मेकॅनिक आला. त्यानं करवत उघडली आणि वर पाहिलं. “अहो, याच्यात प्लगच नाही!”

“प्लग कोन्या पोट्ट्यानं नेला बे?” देवानंद उसळला.

“हा काय?” आशाबाई वाळल्या पाल्यात वाकल्या आणि प्लग उचलून त्यांनी मेकॅनिकच्या हातात ठेवला. “पडला असन.”

ऊन कलेपर्यंत एकवीस झाडं मुळासकट निघाली. शकुनबाईच्या झाडाची चिंधी सोडून तिनं ती शेजारच्या धडधाकट झाडाला बांधली. देवाला जागा बदलल्याचं कळवलं, म्हणाली. शिक्क्याची यादी नाल्यापासूनची होती, बाग मुंजोबापासूनची झाली. कार्यालयाला त्याचं काही नव्हतं आणि बागेला कार्यालयाचं काही नव्हतं.

सगळे गेल्यावर दोघं मुंजोबाजवळच्या त्या पहिल्या झाडाखाली डबा उघडून बसले. खुशालरावांनी ठेच्याची डबी उघडली आणि बोट थांबवलं. ठेच्याला पेट्रोलचा वास येत होता.

त्यांनी आशाबाईंकडं पाहिलं. आशाबाई भाकरी मोडत होत्या.

“प्लग पाल्यात नव्हता.”

“नवता,” आशाबाई म्हणाल्या. “आबाच्या फवारणीच्या इंजिनचा प्लग लहानपणी मीच काढून घासत होती. पाना तं पेटीतच होता.”

“म्हणजे तुला सकाळीच कळलं होतं? मग सांगितलं कावून नाही?”

“साऱ्या गावासमोर जवायाची चूक काढू? माह्या माहेरात?” त्यांनी भाकरीचा तुकडा त्यांच्या हातात दिला. “अन् मले भरोसा होता. घंटाभर रिकामे बसले तं तुमी मोजाले उठसान.”

“मी नसतो उठलो तर?”

“उठलेच असते. आबानं सांगितलं होतं.”

खुशालरावांचा घास हातातच राहिला. वर पाखरं परतत होती. “आबांनी तर पाणी मागितलं होतं.”

“पाणी नवतं मागतलं.” आशाबाईंनी पदरानं हात पुसले. “तुमाले सांगितलं असतं तं तुमी घरातले चमचेबी रोज मोजले असते, म्हणून पोटात ठेवलं. आबा म्हनले, ‘आशे, बाग जवायाच्या हाती दे. त्याले झाडातलं काई समजत नाही, चुकन लय. पण तो मानूस तोडाच्या आधी पुन्हा एकडाव मोजते.’”